‘संमती घेण्यात आली’ : आरोग्य-संशोधनातील लोकसहभाग आणि आदिलाबाद परिसर

मराठीत लिहिल्या जाणाऱ्या संशोधन-अहवालांत एक वाक्य हटकून आढळते: ‘उत्तरदात्यांची संमती घेण्यात आली.’ हे वाक्य कर्मणी प्रयोगातील आहे. त्यात संमती घेणारा दिसत नाही आणि ती देणारा तर मुळीच दिसत नाही. ‘सखूबाईने संमती दिली’ किंवा ‘वस्तीतल्या सात जणींनी नकार दिला’ असे वाक्य अशा अहवालांत शोधूनही सापडत नाही. व्याकरणाची ही बाब किरकोळ वाटण्याजोगी असली, तरी रुग्ण आणि समाज यांना आरोग्य-संशोधनात भागीदार करून घ्यावे या अलीकडच्या विचाराची खरी कसोटी याच वाक्यात आहे. प्रस्तुत लेखात आदिलाबाद जिल्हा आणि त्याच्या शेजारचे प्रदेश यांच्याशी संबंधित काही लिखित साधने याच दृष्टीने तपासली आहेत. संशोधनाच्या निष्कर्षांइतकेच त्याच्या भाषेकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

‘भागीदारी’ ही कल्पना वैद्यकशास्त्राने आपणहून स्वीकारलेली नाही. १९८३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे एड्सग्रस्तांनी एकत्र येऊन जी तत्त्वे मांडली, त्यांत स्वतःला ‘बळी’ म्हणवून घेण्यास नकार होता आणि आपल्यासंबंधीच्या निर्णयांत जागा मिळावी अशी मागणी होती. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने १९९६ मध्ये संशोधनातील लोकसहभागासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली. २०१७ साली दक्षिण आफ्रिकेतील सान जमातीने तर संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता प्रसिद्ध केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि आस्था या शब्दांत तिने संशोधकांकडून काय अपेक्षित आहे ते सांगितले. वैद्यकीय संशोधनाच्या नीतीचा जागतिक आधार मानल्या जाणाऱ्या हेलसिंकी घोषणापत्रात ऑक्टोबर २०२४ च्या सुधारणेने संशोधनापूर्वी, संशोधन चालू असताना आणि नंतरही सहभागी व्यक्ती व समुदाय यांच्याशी अर्थपूर्ण संवाद ठेवण्याची अपेक्षा नोंदवली. म्हणजे जे डेन्व्हरला रुग्णांनी मागितले ते डॉक्टरांच्या जागतिक संघटनेच्या मुख्य दस्तऐवजात उतरण्यास चार दशके लागली.

भरपूर अभ्यासलेला जिल्हा

आदिलाबाद जिल्ह्याला संशोधकांची कमतरता कधी भासली नाही. १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम मारले गेल्यानंतर निजाम सरकारला गोंडांच्या असंतोषाची कारणे जाणून घेण्याची गरज वाटू लागली. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे चाळीसच्या दशकाच्या आरंभी उटनूरजवळच्या मार्लवाई गावी राहिले ते याच पार्श्वभूमीवर. त्यांचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्याच काळात निजामाच्या प्रशासनात असलेले आणि पुढे फार्सी साधनांचे अभ्यासक व इतिहासकार म्हणून मराठी वाचकांना परिचित झालेले सेतुमाधवराव पगडी यांनीही आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले आणि गोंडी भाषेचे व्याकरण सिद्ध केले.

या दोघांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. हायमेनडॉर्फ यांच्या अहवालांमुळे जमिनीच्या पट्ट्यांचा प्रश्न सरकारदरबारी पोहोचला. त्यांच्या पत्नी बेटी यांचे १९८७ साली निधन झाले आणि त्यांची समाधी मार्लवाईतच आहे. तिथले लोक आजही त्या दोघांची नावे घेतात, ही गोष्ट कोणत्याही विद्यापीठीय सन्मानाहून मोठी आहे. परंतु ग्रंथ म्हणून पाहिल्यास एक विसंगती नजरेत भरते. १९४३ साली मार्लवाई येथे जे शिक्षणकेंद्र सुरू झाले, त्यात गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार करण्यात आले आणि गोंडी वाचनपाठ देवनागरी लिपीत तयार झाले. शिक्षणाच्या कामात गोंड हे भागीदार होते. ग्रंथलेखनात मात्र तेच गोंड माहिती पुरवणारे राहिले. कोणता प्रश्न विचारायचा हे ग्रंथकर्त्याने ठरवले. त्याच्या पहिल्या खंडाचा विषय पुराणकथा आणि विधी हा आहे. गावात ताप कोणाला येतो, बाळंतपणात कोण दगावते, दवाखाना किती कोसांवर आहे, हे विषय त्याच्या आराखड्याच्या मध्यभागी नाहीत. मानववंशशास्त्राच्या त्या काळच्या शिस्तीचा तो परिणाम होता आणि त्याबद्दल एका व्यक्तीला दोष देणे अन्यायाचे ठरेल. तरीही ज्या गावाने इतकी उत्तरे दिली त्या गावाचे स्वतःचे प्रश्न कोणते होते, हे त्या समृद्ध ग्रंथातून फारसे हाती लागत नाही.

प्राणहितेच्या पलीकडे

आदिलाबाद जिल्ह्याचे ऑक्टोबर २०१६ मध्ये विभाजन होऊन आदिलाबाद, कुमरम भीम आसिफाबाद, मंचेरियाल आणि निर्मल असे चार जिल्हे झाले. जुन्या जिल्ह्याच्या पूर्वेला प्राणहिता नदी आहे आणि नदीपलीकडे महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा. लोकसहभागातून झालेल्या आरोग्य-संशोधनाचे या टापूतील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण तिथले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. या कामातून निघालेले दोन शोधनिबंध इथे विचारात घेतले आहेत. दोन्ही ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पहिला निबंध जानेवारी १९८९ चा. गडचिरोलीतील दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीवर तो आधारलेला आहे. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ रोग निघाले. त्यापूर्वी स्त्रीरोगासाठी कधीही तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. हे आकडे जगभर गाजले आणि त्यांमुळे ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ गर्भारपण आणि कुटुंबनियोजन ही समजूत मोडीत निघाली. आरोग्य-धोरणात कुटुंबनियोजनाचे लक्ष्यांक हाच स्त्रीच्या शरीराशी शासनाचा मुख्य संबंध होता, त्या काळात हा निबंध आला हे ध्यानात ठेवले पाहिजे.

निबंधातील आणखी दोन आकड्यांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. एक असा, की तपासलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ५५ टक्के स्त्रियांनी तक्रार सांगितली होती. उरलेल्यांनी काहीच सांगितले नव्हते आणि तरीही त्यांच्यातील बहुतेकींना रोग निघाला. दुसरा असा, की पात्र स्त्रियांपैकी सुमारे ५९ टक्केच तपासणीला आल्या. म्हणजे दर दहांतल्या चार जणी आल्या नाहीत. वैद्यकीय टीकाकार या आकड्याकडे नमुन्यातील दोष म्हणून पाहतो: आजारी स्त्रियाच अधिक आल्या असतील आणि प्रमाण फुगले असेल, असा आक्षेप घेता येतो. भागीदारीच्या दृष्टीने पाहिले तर त्याच आकड्याचा अर्थ बदलतो. त्या चार जणींना ‘नाही’ म्हणता आले. ज्या सर्वेक्षणात शंभर टक्के प्रतिसाद मिळतो, तिथे लोक राजी होते की त्यांना नकाराची वाट ठाऊक नव्हती, हे आधी विचारावे लागते. न येण्यामागे लाज, शेतातले काम, सासूची नाराजी अशी कितीतरी कारणे असू शकतील. ती निबंधात सविस्तर यायला हवी होती. नकाराची कारणे हीसुद्धा माहितीच असते, आणि आरोग्यसेवा उभारणाऱ्याला बहुधा तीच अधिक उपयोगाची ठरते.

दुसरा निबंध डिसेंबर १९९९ चा, नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीविषयीचा. ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, स्तनपानात आईला मदत करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट झाली होती. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण पूर्वी १६.६ टक्के होते, ते २.८ टक्क्यांवर आले. पुढे २०११ साली आशा कार्यकर्तीमार्फत घरभेटीतून नवजात बालकाची काळजी घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, त्यामागे गडचिरोलीचा हा पुरावा होता.

या कामातील भागीदारी नेमकी कुठे आहे? प्रशिक्षित स्त्री हातात सुई घेते यात ती आहे, असे उत्तर सहज सुचते. पण त्याहून बोलके उदाहरण त्याआधीच्या न्यूमोनियाच्या कामात सापडते. बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा होतो यावरून न्यूमोनिया ओळखता येतो. परंतु निरक्षर दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. अशा वेळी दाईला ‘अपात्र’ ठरवणे ही नेहमीची रीत. गडचिरोलीत त्याऐवजी मणी सरकवून श्वास मोजायचे आणि वाळूच्या घड्याळाने मिनिट मोजायचे असे साधे उपकरण बनवले गेले. दाईला बदलण्यापेक्षा साधन बदलले गेले. जिच्याविषयी संशोधन आहे तिच्या मर्यादेलाच आराखड्याची अट मानणे ही भागीदारीची खरी पायरी होय. उद्घाटनाला सरपंचाला व्यासपीठावर बसवणे ही नव्हे.

टीकेला जागा या निबंधातही आहे. तुलनेच्या ४७ गावांचे काय, हा त्यातला सर्वांत अवघड प्रश्न. तिथे शासनाच्या नेहमीच्या सेवा चालू होत्या आणि मृत्यूंची नोंद होत होती. शास्त्राच्या दृष्टीने तुलना नसती तर ६२ टक्क्यांचा आकडा कोणी मानला नसता आणि तो मानला गेला नसता तर देशभरातील बाळांना त्याचा लाभ झाला नसता. हा युक्तिवाद खरा आहे. पण ज्या गावांनी केवळ मोजून घेण्याचे काम केले त्या गावांचा वाटाही भागीदाराचाच होता, आणि निबंधाच्या कोष्टकात ती गावे फक्त एका रकान्याच्या रूपाने उरतात. नमुन्याच्या निवडीत नीती आणि शास्त्र यांची अशी ओढाताण जिथे असते, तिथे लेखकांनी ती लपवण्यापेक्षा मांडलेली बरी.

‘सर्च’च्या कामाबाबत एक गोष्ट मात्र नमूद केलीच पाहिजे. सुरुवातीच्या काळातील सिकलसेल आजाराचा अभ्यास लोकांच्या निकडीतून आला नव्हता, संशोधकांच्या कुतूहलातून आला होता, अशी कबुली डॉ. अभय बंग यांनी नंतर जाहीरपणे दिली आहे. लोकांवर केलेले संशोधन आणि लोकांसोबत केलेले संशोधन यांतला फरक या चुकीतून त्यांच्या लक्षात आला. आपल्या अभ्यासाचा विषयच चुकला होता असे सांगणारा संशोधक आपल्याकडे विरळा.

खम्ममच्या वसतिगृहांतील सह्या

याच तेलंगणाच्या दुसऱ्या टोकाला, त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात, २००९ साली दहा ते चौदा वयोगटातील मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. ‘पाथ’ ही आंतरराष्ट्रीय संस्था आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांचा हा संयुक्त प्रकल्प होता. सुमारे चौदा हजार मुलींना लस दिली गेली. त्यांत भद्राचलम परिसरातील आश्रमशाळा व वसतिगृहांतील आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. गुजरातमध्ये वडोदरा जिल्ह्यातही असाच प्रकल्प चालू होता. दोन्ही ठिकाणच्या मिळून सात मुलींचा मृत्यू झाल्यावर महिला संघटनांनी आवाज उठवला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. मृत्यूंचा लसीशी संबंध सिद्ध झाला नाही. परंतु चौकशीत संमतिपत्रे बाहेर आली. ऑगस्ट २०१३ च्या संसदीय स्थायी समितीच्या ७२ व्या अहवालात नोंदल्याप्रमाणे, तपासलेल्या ९,५४३ पत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठे होते आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या.

‘संमती घेण्यात आली’ या वाक्याचा पूर्ण अर्थ इथे उघडा पडतो. कागदोपत्री संमती घेण्यात आलीच होती. ती दिली कोणी, एवढाच प्रश्न होता. मुलगी तिथेच होती. तिचे आईबाप वीस-पंचवीस मैलांवरच्या पाड्यावर होते. सही मात्र पगारी अधीक्षकाने केली. त्याला मुलीच्या आजाराचे नाव ठाऊक नसेल, पण वरिष्ठांचा आदेश ठाऊक होता. शिक्षकाने हे विशेष लक्षात घ्यावे, कारण या सगळ्या साखळीत शेवटचा दुवा शिक्षणसंस्थाच होती.

यावरून लस वाईट असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. या लसीची उपयुक्तता जगभर मान्य झालेली आहे. सिक्कीम राज्याने २०१८ साली हीच लस शाळांमधून दिली आणि पालकांशी व शाळांशी आधी संवाद साधल्यामुळे तिथे बहुसंख्य मुलींपर्यंत ती शांतपणे पोहोचली. खम्ममच्या घटनेने मात्र देशात या लसीविषयी दीर्घकाळ संशय निर्माण केला. नुकसान शेवटी त्याच मुलींच्या बहिणींचे झाले. लोकांना टाळून केलेल्या संशोधनाची किंमत पुढच्या पिढीने चुकवावी, असे हे उदाहरण आहे.

नियमावलीची भाषा

आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे ही खम्ममनंतरची आहेत. त्यांत आदिवासी लोकसंख्येसंबंधी स्वतंत्र तरतुदी आहेत. अशा समूहांवरील संशोधन त्यांना विशेष लाभ होणार असेल तरच करावे. आदिवासी भागात प्रवेश करण्यापूर्वी जिल्हाधिकारी किंवा आदिवासी कल्याण आयुक्त यांच्यासारख्या सक्षम अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी. जमातीच्या प्रमुखाने परवानगी दिली तरी प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र संमती घ्यावी. संमती घेताना समाजातील ज्येष्ठांचा आणि स्थानिक बोली जाणणाऱ्यांचा सल्ला घ्यावा, असे त्यांत म्हटले आहे. शेवटच्या दोन तरतुदी मोलाच्या आहेत. अधीक्षकाच्या सहीला त्यांनी दार बंद केले.

तरीही वाचकाला काही प्रश्न पडतात. ‘लाभ’ कोणी ठरवायचा? तत्त्वांच्या रचनेत तो संशोधक आणि नैतिक समिती ठरवते. जमात या नियमांत प्रवेशद्वारावर उभी आहे. आत कोणता अभ्यास व्हावा हे ठरवणाऱ्या खोलीत तिला खुर्ची नाही. नैतिक समितीत एक सामान्य नागरिक असावा अशी अट आहे, हे खरे. पण शहरातल्या महाविद्यालयाच्या समितीवर बसणारा तो सामान्य नागरिक कोलाम वस्तीतून आलेला असण्याची शक्यता किती, हे वेगळे सांगायला नको.

उर्दू बोलणाऱ्या घरांत ‘इजाजत’ आणि ‘मशवरा’ हे दोन शब्द वेगळे आहेत. काम ठरवून झाल्यावर मागितली जाते ती इजाजत. काम ठरण्यापूर्वी घेतला जातो तो मशवरा. मराठीत त्याला सल्लामसलत म्हणतात आणि त्यातली ‘मसलत’ही अरबीतूनच आलेली आहे. परिषदेची तत्त्वे इजाजतीविषयी बारकाईने बोलतात. मशवऱ्याविषयी त्यांचा सूर ‘शक्य असल्यास’ असा आहे.

महाविद्यालयाच्या प्रश्नावलीत

हा विषय मोठ्या संस्थांपुरता आहे असे मानून महाविद्यालयीन शिक्षकाला बाजूला होता येणार नाही. पदवी वर्गातील प्रकल्प, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, लघुशोधप्रबंध या निमित्ताने दरवर्षी कितीतरी विद्यार्थी वस्त्यांमध्ये प्रश्नावली घेऊन जातात. शंभर उत्तरदाते, वीस प्रश्न, टक्केवारीची कोष्टके आणि शेवटी ‘जनजागृती करणे आवश्यक आहे’ ही शिफारस, असा त्यांचा ठरलेला साचा आहे. (जागृती नेहमी जनांचीच व्हायची असते, संशोधकाची नाही, हेही या साच्यात गृहीत धरलेले असते.)

आदिलाबाद परिसरात या साच्याची अडचण भाषेपासून सुरू होते. पैनगंगेकाठच्या बेला, जैनथ भागात घराघरांत मराठी बोलली जाते. उटनूरकडे गोंडी आणि कोलामी, तांड्यांवर लंबाडी, भैंसा-निर्मलच्या मोहल्ल्यांत उर्दू, आणि दवाखान्यातला केसपेपर इंग्रजीत किंवा तेलुगूत. एकाच जिल्ह्यातील दहा रुग्णांना संमतिपत्र समजावायचे तर पाच-सहा भाषा लागतात. अंगावरून पांढरे जाणे ही तक्रार बाई कोणत्या शब्दांत आणि कोणासमोर सांगते, हे प्रश्नावलीच्या भाषांतराने सुटत नाही. त्यासाठी प्रश्न तिच्यासोबत बसूनच लिहावा लागतो. मार्लवाईच्या शिक्षकांनी जे वाचनपाठांबाबत केले तेच इथे करायचे आहे.

निर्मल-निझामाबाद पट्ट्यात विड्या वळणाऱ्या स्त्रियांचे उदाहरण घेता येईल. त्यांतल्या अनेक जणी मुस्लिम समाजातील आहेत, कित्येकींच्या मुली याच महाविद्यालयांत शिकतात. त्यांच्या आरोग्याविषयीची प्रश्नावली सामान्यतः खोकला, पाठदुखी, डोळ्यांची जळजळ आणि तंबाखूची धूळ येथे थांबते. आराखडा करण्यापूर्वी त्यांतल्या दहा जणींना वर्गात बोलावून ‘काय विचारावे?’ एवढेच विचारले, तर कदाचित वेगळी यादी तयार होईल. हजाराच्या हिशेबाने मजुरी मिळणारी बाई आजार दिवसांत मोजत नसेल. आज किती विड्या कमी वळल्या आणि कारखानदाराच्या माणसाने त्यांतल्या किती नापास केल्या, यावर ती तो मोजत असेल. तसे असेल तर कोष्टकाचे एककच बदलावे लागेल. त्या दहा जणींची नावे, त्यांची इच्छा असल्यास, अहवालाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक प्राध्यापकाच्या नावाखाली छापता येतील. आणि अहवालाची एक प्रत, उर्दूत किंवा तेलुगूत वाचून दाखवता येईल अशी, विद्यापीठाकडे जाण्यापूर्वी त्यांच्या मोहल्ल्यात गेली पाहिजे. काय चुकले ते त्याच सांगतील.